कबरीवरचं पाणी

आमचे महिने ऋतूंना जुमानत नाहीत. चांद दिसला की महिना लागला, मग बाहेर थंडी असो की पाऊस. सण दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि माणसाचं निम्मं आयुष्य सरेपर्यंत सगळ्या ऋतूंची फेरी मारून पुन्हा पहिल्या जागी येऊन बसतो. शब-ए-बरात मी स्वेटर घालून पाहिलीय, चिखलात चपला हातात धरून पाहिलीय, दिवाळीच्या फटाक्यांत पाहिलीय. यंदा ती ऐन मे महिन्यात आलीय आणि येताना दुष्काळही घेऊन आलीय. लातूरला रेल्वेनं पाणी येऊन राहिलंय. टीव्हीवर त्या गाडीला हार घातलेले दाखवतात, पोरं टाळ्या वाजवतात. इकडे नांदेडात आमच्या गल्लीत नळ कधी येईल याचा नेम नाही, पण येतो तरी. मी टीव्ही बंद करते. मला ही गंमत बघवत नाही.

कारण हा उन्हाळा माझा एकदा पाहून झालाय. हाच सण, हाच महिना, हीच भेगाळलेली जमीन. मधल्या वर्षांत सण कुठं कुठं फिरून आला, मी शाळेत मास्तरीण झाले, केस पांढरे केले, आणि पुन्हा तोच उन्हाळा दारात येऊन उभा. नको म्हटलं तरी जात नाही.

आम्ही अहमदपूरचे. लातूर जिल्हा तेव्हा नवा नवा झाला होता. त्याआधी आम्ही उस्मानाबादचे. हललो कुठंच नव्हतो, बसल्या जागी जिल्हा बदलला. पण गावात काय ती हवा! आता साहेब जवळ आले, दवाखाना जवळ आला, रस्ते होतील, पाणी येईल, असं जो तो सांगायचा. अब्बांचं एसटी स्टँडजवळ सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांनीही पेंटर बोलावून पाटीवरचं उस्मानाबाद पुसलं आणि लातूर लिहून घेतलं. रंग पातळ होता, खालचं उस्मानाबाद दिसतच राहिलं. अम्मी म्हणाली, दोन्ही जिल्ह्यांचे झालो आपण, आता दोन्हीकडून पाणी येईल. अब्बा हसले. ते हसणं मला आठवतं, कारण त्या वर्षात नंतर कुणी घरात फारसं हसलं नाही.

पावसानं आदल्या वर्षी दगा दिला होता, त्या वर्षी तर त्यानं तोंडच दाखवलं नाही. विहिरी एकेक करत तळाला गेल्या. पंक्चर शोधायला परातभर पाणी लागतं, ट्यूब त्यात बुडवली की बुडबुडे कुठून येतात ते कळतं. अब्बा तेच पाणी आठवडा आठवडा वापरायचे. काळं झालं, घाण वास मारायला लागलं, तरी रात्री परातीवर फळी झाकून ठेवायचे. पोरं विचारायची, चाचा, यात बुडबुडा दिसतो तरी का? अब्बा म्हणायचे, दिसत न्हाई, पण ऐकू येतो.

सगळ्या गावात पाणी राहिलं ते आमच्या कब्रस्तानातल्या विहिरीला. का राहिलं, अल्ला जाणे. एरवी त्या पाण्याला कुणी तोंड लावत नव्हतं. मय्यतीनंतर हातपाय धुवायला आणि कबरींवर शिंपडायलाच ते. पण तहानेला कसला आलाय विटाळ. आधी आमच्या मोहल्ल्यातले लोक न्यायला लागले, मग बौद्धवाड्यातले, मग बाजारपेठेतलेही. आमच्यात बायका कब्रस्तानात जात नसत. म्हणून पुरुष आत रहाट ओढायचे आणि भरलेल्या घागरी बुटक्या भिंतीवरून बाहेर द्यायचे. बाहेर बायकांची ही रांग. कुणाच्या कपाळाला कुंकू, कुणाचं कपाळ मोकळं, सगळ्या त्या भिंतीवर कोपर टेकून आतल्या कबरींकडे बघत उभ्या. शांताबाई नावाची एक म्हातारी रोज म्हणायची, तुमच्या म्हाताऱ्यांनी पाजलं गं माय आम्हाला. अम्मीला ते ऐकून बरं वाटायचं.

अम्मीचं माहेर नायगावकडचं एक खेडं. तिथं मुसलमानांची दोनच घरं, त्यामुळं तिची दखनी उर्दू निम्मी मराठी होती. अहमदपूरच्या बायका तिला हसायच्या. ती मनाला लावून घ्यायची नाही. सासरी मात्र पदर तोंडावर घेऊन राहायची, विशेषतः बडेअब्बांसमोर. बडेअब्बा म्हणजे अब्बांचे थोरले भाऊ. मशिदीत त्यांचा शब्द चाले, मोहल्ल्यात कुणाचं भांडण, कुणाचं आजारपण, सगळं आधी त्यांच्याकडे जायचं. माणूस वाईट नव्हता. हे मला मुद्दाम सांगावं लागतं, कारण त्यांना वाईट ठरवलं की सगळं कसं सोपं होतं. पोरांना खिशातून खारका काढून द्यायचे. त्यांची बायको त्याच वर्षी थंडीत गेली होती आणि हा एवढा मोठा माणूस एकटाच चूल पेटवताना डोळे पुसायचा.

बब्बू माझा धाकटा भाऊ. तीन वर्षांचा. त्याचं बोलणं अजून अर्धंच होतं, पाण्याला तो ‘मम’ म्हणायचा. उन्हाळा चढला तशी मोहल्ल्यात पोरांना हगवण लागली. एका घरात एक, दुसऱ्या घरात दोन. मग आमच्याकडे बब्बू. अब्बांनी बडेअब्बांना आणलं. त्यांनी पोट दाबून पाहिलं आणि सांगितलं, पाणी बंद करा. पाणी दिलं की पोट आणखी सुटतं, नुसतं तोंड ओलं ठेवा. हे काही त्यांनी मनानं काढलेलं नव्हतं. त्यांच्या आईनं तेच सांगितलं असणार, सगळं गाव तेच करत होतं, अम्मीच्या माहेरीही तेच करायचे. तिला त्यात काही वेगळं वाटलंच नाही.

आणि घरात त्या दिवशी पाणी होतं, हो. आजारी पोर म्हणून शेजाऱ्यांनी भिंतीवरून आमची घागर आधी बाहेर काढून दिली होती. माठ काठोकाठ भरलेला. बब्बू त्या माठाकडे बोट करायचा. आधी रडून मागायचा, मग न रडता मागायचा, मग नुसतं बघायचा. अम्मी कापसाचा बोळा भिजवून त्याच्या ओठांवर फिरवायची. तो बोळा तो चोखायला बघायचा आणि ती काढून घ्यायची. काढून घेताना म्हणायची, बस माझ्या राजा, उद्या देते, बरा झाला की पोटभर देते. डोळ्यात तेल घालून तिनं त्याला पाण्यापासून राखलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे डोळे आत गेले, आणि दुपारच्या नमाजच्या आधी तो गेला.

त्या आठवड्यात आमच्या मोहल्ल्यातली आणखी तीन पोरं गेली. पुरुषांनी घाईघाईनं भिंतीच्या कडेला लहान लहान खड्डे खणले. लहान कबर म्हणजे काय, मातीचं एक ढेकूळ. डोक्याशी एखादा दगड, मेंदीची एखादी काडी. वाऱ्या-उन्हात ती माती बसून जाते.

मग जीप आली. खरंच आली, नव्या जिल्ह्याची जीप, थेट लातूरहून. पांढऱ्या साडीतली एक नर्सबाई उतरली, एका ओट्यावर उभी राहिली आणि तिनं सगळ्या बायकांना गोळा केलं. लोटाभर पाण्यात चिमूटभर मीठ, मूठभर साखर, असं करून दाखवलं. आवाज खणखणीत होता तिचा. म्हणाली, “बायांनो, लेकरू जुलाबानं जात न्हाई, अंगातलं पाणी गेल्यानं जातं. मागंल तितकं पाणी द्या.”

अम्मी मागे उभी होती. तिनं पदराआडून विचारलं, न्हाई दिलं तर? नर्सबाईला काय माहीत कोण विचारतंय. ती हसून म्हणाली, मग राहतं का बाई लेकरू, आणि लोटा ढवळू लागली. मी अम्मीचा हात धरलेला होता. तिनं तो सोडवला आणि घराकडे चालायला लागली. घरी आल्यावर ती माठाजवळ बसली. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं. मला जीपचा राग येतो. यायचंच होतं तर दहा दिवस आधी यायचं होतं. नाहीतर कधीच यायचं नव्हतं, निदान अम्मीला कळलं तरी नसतं. सगळ्या गावानं जिल्ह्याची वाट पाहिली, आणि आमच्या घरी जिल्हा आला तो असा.

शब-ए-बरातला घरोघरी चण्याच्या डाळीचा हलवा होतो. आदल्या दिवशी अरफा असतो, तो नव्या मुर्द्यांचा. वर्षात जे गेले त्यांच्या नावानं फातिहा द्यायची, म्हणजे दुआ पढायची, त्यांच्या आवडीचं काहीतरी रांधायचं, शेजारी पाण्याचा पेला ठेवायचा. त्यानंतर ते जुन्या मेलेल्यांत मिसळतात म्हणे, तोवर ते एकटेच असतात. तीन वर्षांच्या पोराच्या आवडीचं काय रांधणार? अम्मीनं काहीच रांधलं नाही. नुसता पाण्याचा पेला ठेवला. बडेअब्बा फातिहा द्यायला आले, त्यांनी जेवण मांडायचा दस्तरखान रिकामा पाहिला, आणि काही न विचारता त्या पेल्यावर फातिहा दिली.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर पुरुष कब्रस्तानात जातात. कबरींवरचं गवत काढतात, माती सारखी करतात, फुलं, अगरबत्ती, आणि शेवटी पाणी. पायथ्यापासून डोक्यापर्यंत लोट्यानं पाणी शिंपडायचं म्हणजे आतल्याला थंडावा मिळतो. किताबात काय लिहिलंय ते मला माहीत नाही, आमच्याकडे असंच मानतात. त्या वर्षी मात्र शुक्रवारी जुम्याच्या नमाजनंतर ठरलं होतं की यंदा कबरींवर थेंबही टाकायचा नाही. गाव त्या विहिरीवर जगून राहिलंय, ते पाणी मातीत घालणं गुनाह. बडेअब्बांनीच हे सांगितलं आणि सगळ्यांनी मान डोलावली. निर्णय बरोबर होता. आजही मला तो चूक म्हणता येत नाही, आणि हेच तर जिवाला खातं.

अम्मीनं त्या दिवशी रोजा धरला होता. तिच्या वाट्याचं पिण्याचं पाणी तिनं सकाळीच एका लोट्यात काढून ठेवलं होतं. अब्बा फुलं आणि खराटा घेऊन निघाले. थोड्या वेळानं ती उठली, लोटा पदराखाली घेतला, माझा हात धरला आणि चालायला लागली. मला वाटलं भिंतीपर्यंत जाऊन थांबेल, रोजच्यासारखी. ती भिंतीशी थांबली नाही. सरळ फाटकातून आत निघाली. रहाटावरची माणसं हात थांबवून बघायला लागली. बडेअब्बा पुढे झाले. ओरडले नाहीत. खाली बघत हळूच म्हणाले,

“दुल्हन, मुर्द्याला तहान नसती. पाणी जित्त्यासाठी हाय.”

अम्मी लग्न होऊन आल्यापासून त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती. त्या दिवशी तिनं पदर मागे सारला.

“तो जित्ता होता तवा बी तुम्ही पाणी नका देऊ म्हणले, भाईजान.”

एवढंच. आवाजही चढवला नाही. बडेअब्बांचा चेहरा मी पाहिला, तो पाहिला नसता तर बरं. ते बाजूला झाले आणि बायकोच्या कबरीजवळ जाऊन खाली बसले. त्या कबरीवरही पाणी नव्हतंच.

भिंतीच्या कडेला अब्बा उभे होते. अम्मीनं विचारलं, कंची? समोर चार ढेकळं, एकसारखी. मेंदीच्या काड्या वाळून उडून गेल्या होत्या, दगड कुत्र्यांनी नाहीतर पोरांनी इकडचे तिकडे केलेले. अब्बांनी एकीकडे बोट केलं, मग दुसरीकडे केलं, आणि मग हात खाली सोडला. स्वतःच्या हातानं पुरलेलं पोर आणि बापाला जागा सांगता येईना. ते मटकन खाली बसले आणि लहान पोरासारखे हुंदके देऊन रडायला लागले. अम्मीनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं लोटा चारी कबरींवर फिरवला, थोडं इथं, थोडं तिथं, कुणाला कमी पडू नये म्हणून परत पहिल्याकडे. लोटा तो केवढा. पाणी पडायचं आणि माती काळी व्हायच्या आत पांढरी व्हायची. मी वाकून बघत होते. ओल दिसेल म्हणून बघत होते. ती कुठंच राहिली नाही.

त्यानंतर बडेअब्बांनी कुणाच्या आजारपणात तोंड उघडलं नाही. कुणी विचारायला आलं की म्हणायचे, दवाखान्यात न्या. वर्षभरात ते खंगले. आमच्या घरी यायचे, ओट्यावर बसायचे, अम्मी आतून चहा पाठवायची, ते पिऊन जायचे. दोघं परत कधी बोलले नाहीत. लोक म्हणतात काळ जखमा भरतो. आमच्या घरात त्यानं तसलं काही केलं नाही, फक्त माणसं एकेक करून नेली. बडेअब्बा गेले, मग अब्बा. मी नोकरीला नांदेडला आले, अम्मीला सोबत आणलं. शाळेत पोरांना मीठ-साखर-पाणी शिकवायचा धडा आला की मी तो फळ्यावर लिहून देते, तोंडानं सांगत नाही.

दर शब-ए-बरातला मी अहमदपूरला जाते. आता मला कुणी अडवत नाही, अडवणारी माणसंच आत जाऊन निजलीत. यंदा निघायचं की नाही हा प्रश्न होता. अम्मीचं हृदय थकलंय, पायावर सूज, छातीत पाणी धरतं. डॉक्टरांनी पिण्याचं पाणी मोजून द्यायला सांगितलंय, सकाळी एक बाटली भरून ठेवायची आणि तिच्यातच दिवस काढायचा. औषधांनी तोंड कोरडं पडतं, जीभ टाळूला चिकटते. दुसरा कुणी पेशंट असता तर भांडून मागितलं असतं. ही मागत नाही. मी देते तेवढं पिते. शेजारच्या कांबळेताई म्हणाल्या, जा तुम्ही, मी बसते त्यांच्यापाशी. अम्मी म्हणाली, जा, आणि पाणी इथूनच ने, तिथल्या लोकांचं घेऊ नको.

लोह्याच्या रस्त्यानं एसटी गेली. दोन्हीकडे रानं उघडी पडलेली, जनावरं हाडं मोजून घ्यावीत अशी. कब्रस्तानाला आता उंच भिंत आहे, लोखंडी फाटक आहे. विहीर आहे, पण तिच्यावर जाळी टाकलीय आणि आत खडखडाट. फाटकाबाहेर टँकरची वाट बघत बायका घागरी मांडून बसल्या होत्या. त्यांच्या समोरून पाण्याची भरलेली बाटली घेऊन मी आत गेले. मला लाज वाटली. अब्बांच्या कबरीवर थोडं टाकलं, बडेअब्बांच्याही कबरीवर टाकलं. लहान कबरी तर कधीच गेल्या, त्यांच्यावर दुसरी माणसं झोपलीत, सिमेंटच्या चौकटी झाल्यात. भिंतीच्या कडेनं चालत, बाटली पदराआड धरून, चोरी केल्यासारखं मी उरलेलं पाणी ओतत गेले. बाहेर एक बाई दुसरीला काहीतरी बोलली. मला वाटलं मलाच बोलली. बोलली असेल तर बरोबरच होतं तिचं.

परत आले तेव्हा अम्मी जागी होती. उशीला टेकून बसली होती. विचारलं, “टाकलं?”

मी हाव, टाकलं, म्हटलं. सगळीकडे टाकलंस ना, एकाच जागी न्हाई ना, असं तिनं दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा सगळीकडे म्हटलं. मग बराच वेळ ती ओठांवरून जीभ फिरवत राहिली. जीभ कोरडी होती, आवाज येत होता.

“लई लागती गं तहान,” ती म्हणाली. “आता कळून राहिलंय मला, किती लागती ते.”

डॉक्टर गेला खड्ड्यात म्हटलं. मोजायचं काही नाही, मोठा पेला घेतला, माठातून काठोकाठ भरला आणि तिच्या ओठांशी नेला. पी अम्मी, म्हटलं, पोटभर पी.

तिनं पाण्याकडे पाहिलं. मग हातानं पेला हळूच बाजूला केला.

“राहू दे. त्याला कुठं दिलं होतं मी.”